पॉइंट तीन आठ

अवधान एमआयडीसी, शेड नंबर अकरा.
मे महिना. पत्रा तापून कडकड बोलतो,
आणि मी, डिप्लोमाची पोर, एसीच्या काचखोलीत
रॉडवर हिऱ्याची सुई चालवते.

सुईचं टोक दोन मायक्रॉन.
चार मिलिमीटर जाते ती, अनवाणी, सावकाश.
पडद्यावर डोंगररांग उमटते:
शेंडे, दऱ्या, पुन्हा शेंडे.
काचेबाहेर लळिंगचा किल्ला, तसाच दातेरी.
यंत्र उंची हजारपट ताणतं,
म्हणून आरशासारखा रॉडसुद्धा किल्ला दिसतो.

मालकांना फिनिश म्हणजे चकाकी.
मला शिकवलं होतं वेगळं.
चकाकी डोळ्याची, खरबरीतपणा सुईचा.
बारीक खरखर टूलची किंवा चाकाची,
तिच्याखालची मोठी लहर मशीनच्या थरथरीची;
आणि आर-ए म्हणजे सगळ्या चढउतारांची सरासरी.
सरासरी पॉइंट चारच्या आत आली
की मी हिरवा ठिपका लावते.

झुलाल मिस्तरींच्या जुन्या ड्रॉइंगवर
नुसते तीन त्रिकोण असायचे.
तीन म्हणजे गुळगुळीत. पुढचं नखाला विचारायचं.

शिरपूरहून टेम्पो आला.
चाळीसातले एकोणीस रॉड परत,
तेलानं भिजलेल्या गोणपाटात.
सील गळतंय, चिठ्ठीत एवढंच.

मी पुन्हा सुई चालवली. पॉइंट तीन आठ.
पुन्हा. पॉइंट तीन सात.
"मिस्तरी, रॉड पास आहेत."

त्यांनी हात पुसला, डोळे मिटले,
आणि अंगठ्याचं नख रॉडभोवती
गोल फिरवलं. लांबीने नाही, गोल.
एका जागी नख अडलं.
"हाई देख, माय."

केसाएवढा ओरखडा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.
माझी सुई लांबीने जायची, ओरखडाही लांबीने.
दोघं शेजारशेजारून गेले होते,
एकमेकांना न भेटता.

"ग्राइंडिंगची रेघ गोल ऱ्हास," ते म्हणाले,
"रानात उताराले आडवी नांगरट करतस ना,
पानी थांबाले? तसं तेल थांबस तिठे.
आनि हाई उभी चरी. सगळं वाही जास.
तुनं यंत्र खोटं नही सांगत.
पन तू जठे इचारस, तठलंच सांगस."

मग त्यांनी चाळीसांचं रजिस्टर मागितलं.
मी एक आड एक रॉड तपासले होते. वीस.
परत आलेले एकोणीस
सगळे माझ्या ठिपक्याचे.

दोघंही गप्प.
पत्रा तेवढा बोलत होता.

ते काचखोलीत आले, चप्पल बाहेर काढून,
गेल्या सात वर्षांत पहिल्यांदा.
माझ्या व्ही-ब्लॉकवरून नख फिरवलं.
डाव्या कडेला बाजरीच्या कुसळाएवढा
पोलादाचा काटा उभा.
रॉड मोजायला ठेवताना
मी तो दर वेळी त्यावरून सरकवत होते.

मिस्तरींनी खिशातून तेलपाटी काढली,
चार घासे मारले,
फुंकर घातली आणि गेले.
मालकांना काय सांगितलं, माहीत नाही.
मला कोणी काही विचारलं नाही,
ते जास्त टोचलं.

रिपोर्टमध्ये रकाने आहेत:
आर-ए, आर-झेड, कट-ऑफ, तारीख, सही.
'मोजताना लागलेलं' असा रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: ओरखडा, उभा,
कारण तपासणी विभाग.
खाली सही. ती जरा थरथरली. लहर म्हणा.

विसाव्या रॉडचं काय झालं
ते अजून कळलेलं नाही.
शिरपूरकडे कुठेतरी एक ट्रॉली
रोज थोडी थोडी खाली बसत असेल.

आता उजव्या अंगठ्याचं नख मी कापत नाही.
वहिनी विचारते, एकच का गं वाढवलंस?
मी तिच्या स्टीलच्या डब्याच्या कडेवरून
ते गोल फिरवते,
आणि अडेल का, याची वाट बघते.